मुळांसकट आलेली गौर

या आषाढात माझा देवावरचा विश्वास एका कुंडीपाशी येऊन अडला होता. तेरडा पेरून वीस दिवस झाले, पण मातीवर हिरवा ठिपकासुद्धा दिसेना.

आमच्याकडे गौर तेरड्याची. घरी पेरलेली रोपं मुळांसकट उपटून आणायची, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. रायगडातलं गाव सोडून भायंदरला इंद्रलोक वसाहतीत आल्यावरही सासूबाईंनी खिडकीच्या ग्रिलमध्ये हा नेम चालू ठेवला. मागच्या गौरींनंतर मात्र त्या घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, वॉकर आणला, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण वर्ष होत आलं तरी कुणाच्या तरी खांद्याला धरून न्हाणीघरापर्यंत, एवढंच. "माझे पाय संपले आता," म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. दिवसभरात एकच गोष्ट आपणहून विचारायच्या, तेरडा आला का. मी "येतोय, आई" म्हणायचे. त्या खिडकीशी येत नव्हत्या म्हणून माझं खोटं खपत होतं. गौर आली नाही तर त्या कायमच्या खाटेला लागतील, या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता.

मी दुसऱ्यांदा पेरलं. खत घातलं, दोन वेळा पाणी, आणि रोज बोटाने माती उकरून बघणं. स्वभावच उतावळा, चहा उकळायच्या आधी गाळणं हातात. देवघरासमोर हात जोडायचे तेही भांडायलाच. एवढंसं मागतेय, तेही देत नाहीस, म्हणायचे.

शेवटी केबिन रोडच्या बाजारात गेले. उत्तनहून भाजी-फुलं घेऊन आलेली एक अनोळखी बाई बसली होती. तिला मुळांसकट तेरडा आणून देशील का, विचारलं. घरच्याचं काय झालं, असं तिने विचारताच मी सगळं ओकून टाकलं. सासूबाई इस्पितळात असताना ग्रिलला रंग द्यायचा होता, म्हणून कुंड्या रिकाम्या करताना मी हिरव्या शेंगाच फोडून बी काढून ठेवलं होतं. ती हसली.

"कच्चं बी पेरलंस बाय. शेंग पिकली का आपसूक फुटते, तुला इचारत न्हाय. जुन्या झाडाखालची माती कुठं हाय?"

ती माती मी बिल्डिंगमागे पंपाच्या खोलीजवळ ओतून दिली होती. भाजीची पिशवी तशीच घेऊन तिकडे गेले. फुटक्या लाद्यांच्या मधून वीतभर उंचीचा दाट तेरडा वर आला होता. माझ्या हाताला न लागता जे बी पिकून पडलं, ते वेळ झाल्यावर उगवलं होतं. मी तिथेच उभी राहून रडले.

त्या संध्याकाळी सासूबाईंना खरं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. "आता त्याला हात लावू नकोस," एवढंच म्हणाल्या. श्रावण सरला तरी कळी नव्हती. खताची पुडी दोनदा हातात घेऊन मी परत ठेवली.

गौरीच्या दिवशी दोन रोपं फुलली होती, तीन कळ्यांवर. पाचही हलकेच उपटली आणि दाराशी आले. आतून वॉकरचा आवाज आला. सासूबाई एकट्या, घामाघूम, एकेक पाऊल टाकत उंबऱ्यापाशी आल्या. एका हाताने वॉकर धरून दुसऱ्या हाताने त्यांनी मुळांवर दूध-पाणी घातलं.

"पाय शाबूत आहेत हो हिचे," म्हणाल्या. "ये बाई. मीही चालत आलेय."

हे ऑपरेशनमुळे झालं, वॉकरमुळे की गौरीमुळे, मला ठाऊक नाही आणि ठरवायचंही नाही. केबिन रोडवर ती बाई मला पुन्हा दिसली नाही. दिसली तर पाया पडेन. मला देवाने नाही म्हटलंच नव्हतं, मीच रोज माती उकरत होते.

पंपाच्या खोलीजवळ उरलेल्यातली दोन रोपं खिडकीत लावली आहेत. शेंगा फुगल्या आहेत. सासूबाई वॉकर घेऊन रोज तिथे येऊन उभ्या राहतात. माझा हात पुढे गेला की नुसत्या बघतात, आणि मी तो मागे घेते.