बोंडूचा डाग

आमच्या भावोजींइतका घाबरट माणूस मंडणगडापासून राजापुरापर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो भावोजींनीच घाबरवून सोडलेला असेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. साडेनऊच्या एसटीसाठी ते आठलाच स्टँडवर जाऊन बसतात आणि तिथून शेजाऱ्यांना फोन करून घराचं कुलूप ओढून बघायला लावतात. नारळाखालून कुणीही जपून जातं, भावोजी आंब्याखालूनही छत्री उघडून जातात, मग झाडाला नुसता मोहर का असेना. कुणी काही सांगितलं की 'बरं' म्हणायचं, ही त्यांची जन्माची रीत. सबंध नोकरीत त्यांनी साहेबाला दुसरा शब्द ऐकवला नाही, आणि घरी ताईलाही नाही.

अशा माणसाने निवृत्तीनंतर छंद धरला तो लाकडात ठसे कोरून चित्रं छापायचा. त्यातही दुकानातली शाई नको, कारण तिच्यात काय घातलेलं असतं कोण जाणे! मग जांभ्याची तांबडी माती पाट्यावर वाटून, भाताच्या पेजेत कालवून शाई झाली. ती पावसाळ्यात बुरशीने हिरवी पडली. फणसाच्या चिकात काजळी मिसळली, तर कागद ठशाला असा चिकटला की दोन्ही मिळून बंबात घालावे लागले. एकदा बंदरावरून माकुलं, म्हणजे ती शाई सोडणारी मासळी, आणून त्यांच्या पोटातली काळी शाई काढली. ठशावर कागद ठेवून वरून भातवाढीची पाठ घासून घासून छापलेली जास्वंद इतकी सुरेख आली, की मीसुद्धा वा म्हटलं. पण कागद वाळत घातले आणि आळीतली यच्चयावत मांजरं ओट्यावर जमली. एकाने तर अख्खी जास्वंद चाटून कोरी केली. तेव्हापासून भावोजी मांजरांनाही घाबरतात. ताई म्हणायची, "यांची शाई आणि यांची छाती, दोन्ही वाऱ्यावर उडतात."

मग ताई गेली. तिचं कपाट आवरताना एक जुनी साडी निघाली. साडीचा मोतिया रंग पार विटलेला, पण पदरावरचा काजूच्या बोंडूचा डाग जसाच्या तसा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात भावोजींनी बागेत हौसेने बोंडू कापून, मीठ लावून तिला खायला दिलं होतं, त्याचा तो डाग. ताईने त्यावरून त्यांना जन्मभर ऐकवलं. भावोजी ती साडी मांडीवर घेऊन बसले आणि मला म्हणाले, "बाय, बायका ज्या डागाला रडतात ना, तोच खरा पक्का रंग."

झालं! हा गृहस्थ घरोघर जाऊन "तुमच्या कपड्यांवरचा कुठला डाग जात नाही?" म्हणून विचारू लागला. एका नव्या सुनेने तोंडावर दार लावून घेतलं. शेवटी काजू सोलणाऱ्या एका म्हातारीने त्यांना गुरुमंत्र दिला. "केळीचा चीक काय न् शहाळ्याचं पानी काय, कधी तरी जातो. बोंडूचा डाग लागताना दिसत नाय, मागाहून उठतो. आनि उठला का मानूस गेला तरी जात नाय."

अशा माणसाच्या हाती मी माझ्या लेकीची लग्नपत्रिका का दिली, हे मला आजही सांगता येणार नाही. मजकूर छापखान्यातून आला होता. वर आंब्याच्या पानांचं तोरण तेवढं भावोजींनी तांबड्या मातीत छापायचं होतं. खाली आप्तांच्या नावांत त्यांचं एकट्याचं 'श्री.' होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हिचं नाव?"

"मंगलकार्याच्या पत्रिकेत गेलेल्या माणसाचं नाव नको, भावोजी. विहीणबाई जुन्या वळणाच्या आहेत." माझ्या आवाजाला धारच होती. लेकीची दोन स्थळं अगदी ठरता ठरता मोडली होती, तिसऱ्याला मला निमित्त द्यायचं नव्हतं.

"बरं," भावोजी म्हणाले.

तोरण झकास उतरलं. पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवली, बाकीच्या वाटून टाकल्या. पण भावोजींची तऱ्हा बघवेना. दिवसातून तीनदा फोन. "वाटल्यास सगळ्या? परत तर नाही ना येणार?" संध्याकाळी पुन्हा, "तुझी पत्रिका कपाटात ठेवू नको हो, उजेडात ठेव." तोरण उडणार आहे का, असं विचारलं तर "छे, छे, उडणार काहीच नाही," म्हणून फोन ठेवून दिला.

आठवडा सरला आणि हातखंब्याहून विहीणबाईंचा फोन आला. "पत्रिकेवर खाली काही तरी उठलंय हो. डाग म्हणावा, तर अक्षरं आहेत."

मी माझी पत्रिका खिडकीशी नेली. भावोजींच्या नावाच्या वर, मी स्वतः तपासलेल्या कोऱ्या जागेत, ताईच्या पदरावरच्या डागाच्याच तपकिरी रंगात 'सौ.' आणि पुढे तिचं नाव.

"कोण या?" विहीणबाईंनी विचारलं.

खोटं सुचेना. "माझी बहीण. दोन वर्षांमागे गेली." एका क्षणात मोडलेलं लग्न, परत आलेला आहेर, लेकीचं तोंड, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"यजमान आहेत ना? म्हणजे सवाष्ण गेल्या," विहीणबाई म्हणाल्या. "मग त्यांचा मान पहिला. त्यांच्या नावाची ओटी आधी काढून ठेवा."

मी तडक भावोजींचं घर गाठलं. ते पिशवी भरून आंजर्ल्याला चुलतभावाकडे पळून जायला निघाले होते. तिसऱ्यांदा कुलूप ओढून बघत होते, म्हणून सापडले.

"लग्न मोडलं असतं म्हणजे?" मी ओरडले.

"तीच भीती होती," भावोजी पिशवी पोटाशी धरून म्हणाले. "पण एकट्याचं नाव छापलेलं बघितलं आणि त्याहून जास्ती भीती वाटली गो, बाय."

मला पुढे रागावता आलं नाही. रडूच आलं. मी त्यांच्या हातातली किल्ली घेऊन दार उघडलं.

लग्नाला आता तीन वर्षं झाली. पत्रिकेवरचं मातीचं तोरण गळून गेलं, छापखान्याची सोनेरी अक्षरंही फिकटली. ताईचं नाव मात्र दर उन्हाळ्यात थोडं गडद होतं, निदान मला तसं वाटतं. मधूनमधून भावोजींचा फोन येतो. "आहे ना गो अजून?" मी खिडकीशी जाऊन बघून येते आणि सांगते, "आहे, भावोजी."

"बरं," ते म्हणतात, आणि तरी कितीतरी वेळ फोन ठेवत नाहीत.