पहिलवानाच्या चित्राचा डबा

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीने मला एक पाकीट दाखवलं. वर हिरव्या पानाचं चित्र, आत तपकिरी भुकटी. थकवा येतो, केस गळतात, म्हणून मागवली असं तू म्हणालीस. मी विचारलं, कशाची आहे? तू हसून म्हणालीस, "अगं आजी, औषध नाहीये ते. झाडपाल्याचं आहे." मी फोन उलटा ठेवला आणि तुला वाटलं, नेटवर्क गेलं.

हेच वाक्य मी सुरतेत एकदा ऐकलं आहे, आणि त्यानंतर तुमची आई मरता मरता वाचली. तुम्हा दोघांना हे आम्ही कधी सांगितलं नाही. आता सांगते. तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही, पण मला बिचारी करू नकोस."

सुरतेत चौऱ्याण्णव साली प्लेग येऊन गेला, त्यानंतरची दोन-तीन वर्षं. आम्ही पर्वत पाटियाजवळच्या एका सोसायटीत राहत होतो. तुमचे आजोबा कडोदऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये हिशेब बघत, मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. प्लेग गेला, पण त्याची धास्ती घरोघर राहिली. कोणी खोकलं की माणसं वळून बघत. कोणी बारीक दिसलं की कुजबूज सुरू. त्यामुळे ताकद देणाऱ्या वस्तूंचा बाजार असा फोफावला की विचारू नका. भिंतींवर डावीकडे हाडाचा सापळा झालेला माणूस आणि उजवीकडे तोच माणूस पहिलवान, अशी चित्रं. आमच्याही कपाटात काय नव्हतं! लोहाचं लाल टॉनिक होतं, बाळंतिणीचं द्राक्षाचं होतं, माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या होत्या, थंडीतला च्यवनप्राश होता. लेबल वाचायची मला सवय. प्रत्येक बाटलीवर काय लिहिलंय ते मी वाचत असे आणि त्यावर विश्वास ठेवत असे.

तुमची आई तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची, काटकुळी, पण सायकलवरून सगळी सुरत पालथी घालणारी. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. धुळ्याहून एक मंडळी आली. पोहे खाल्ले, पत्रिका बघितली, आणि निघताना मुलाच्या मावशीने हळूच विचारलं, "सुरतेचीच ना मुलगी? नाही, अंगानं फारच बारीक आहे... तेव्हा काही झालं तर नव्हतं ना?"

स्थळ गेलं. तुमच्या आईला त्याचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते आजोबांच्या थोरल्या बहिणीला. तुम्ही त्यांना फोटोत बघितलं आहे, मोठ्या नथीच्या आत्याआजी. त्यांचा संसार पलीकडच्याच गल्लीत होता, घरी दोन माग होते, आणि बोलणं शेवटपर्यंत खानदेशातलं. महिन्याभरात त्या एक डबा घेऊन आल्या. पत्र्याचा, वर मिशीला पीळ देणारा पहिलवान. कडोदऱ्याच्या चौकडीवर, म्हणजे मोठ्या चौकात, एक तंबू लागत असे. काचेच्या बरण्यांत मुळ्या, मागे फेटेवाल्या पूर्वजांच्या तसबिरी. तिथून आणला होता.

मी डबा फिरवून फिरवून पाहिला. 'शंभर टक्के जडीबुटी' एवढंच लिहिलं होतं. "ताई, हे औषध कसलं?" मी विचारलं.

"दवाई नही शे ती, वहिनी. टॉनिक शे," त्या म्हणाल्या. "दुधात चमचाभर, सकाळी. फक्त एक दिवसही चुकवायचा नाही, असं त्या वैदूनं बजावून सांगितलंय."

तुमच्या आईने नाक मुरडलं, पण आत्यापुढे तिचं चालत नसे.

आणि गुण आला! भूक अशी लागायला लागली की पोळ्या लाटताना मी थकू लागले. गाल भरले, चेहरा गोल झाला, कांती चमकायला लागली. शेजारच्या बेन विचारायला यायच्या, काय खाऊ घालता? आत्याआजी दारातूनच म्हणायच्या, "माय वं, पोर कशी भरी ऊनी!" म्हणजे अंगानं कशी भरून आली. स्टुडिओत जाऊन स्थळांना पाठवायचा नवा फोटो काढला. आजोबा तो फोटो खिशात घेऊन फिरत. डबे संपत, नवे येत. सायकल मात्र तिने हळूहळू सोडली. जिना चढताना मांड्या भरून येतात म्हणायची. दंडावर आतल्या बाजूला जांभळे पट्टे उठले होते. वजन वाढलं की असं होतंच, असं सगळ्यांचं मत पडलं.

मग श्रावण आला आणि कानबाई आली.

तुम्ही श्रावणात कधी इथे नसता, म्हणून कानबाईबद्दल थोडक्यात सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घरांत चौरंगावर नारळाची देवी मांडतात, तिला नथ, डोळे, साडी. त्याआधी घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने सव्वा-सव्वा मापाचे गहू दळतात. त्या पिठाचा तो रोट. सोमवारी देवी तापीत शिरवली, म्हणजे विसर्जित केली, की घरच्यांनी आणि भाऊबंदांनी रोट संपवायचा. आमच्या घराण्यात त्याचं फार कडक होतं. दळण झाल्यापासून रोट संपेपर्यंत बाहेरचं, परक्या हाताचं काही तोंडात घालायचं नाही. चहासुद्धा घरचाच.

दळणाच्या सकाळी तुमच्या आईने सवयीने डबा काढला. आत्याआजींनी तो तिच्या हातातून घेतला आणि माळ्यावर ठेवून दिला.

"आत्या, एक दिवसही चुकवायचा नाही म्हणाली होतीस ना?"

"मग? कानबाईपेक्षा तो तंबूवाला मोठा का? कोणाच्या हातचं कुटलेलं, काय माहीत. रोट सरला की घे."

"मग मला तेवढ्यात पुन्हा काडी करून टाकशील. धुळ्याच्या मावशीबाईंना आनंद होईल."

सगळे हसले. मीही हसले.

देवी शिरवून आलो त्या दिवशी तुमची आई लवकर आडवी झाली. दमली असेल, रविवारचं जागरण झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगतीत तिने दुधात कुस्करलेल्या रोटाचा घास घेतला आणि उठून मोरीकडे धावली. रोट उलटून पडला.

रोट सांडतसुद्धा नाहीत, मुलांनो. आत्याआजींचा चेहरा पांढरा पडला. चौरंग अजून उचलला नव्हता. त्याच्यापुढे त्यांनी कपाळ टेकलं आणि म्हणू लागल्या, माय, काय चुकलं, पोरीचं काय चुकलं. कोणी अंगारा लावला. कोणी म्हणालं, तिला पुन्हा थोडा प्रसाद द्या, म्हणजे देवी शांत होईल. पुन्हा दिला, पुन्हा उलटला. मी तिचा हात धरला तर तो ओला आणि गार, पावसात राहिलेल्या भांड्यासारखा. "आई, मला तू नीट दिसत नाहीयेस," ती म्हणाली. तोपर्यंत मी नुसती घाबरले होते. त्या क्षणापासून जी भीती वाटली तिला मला आजही नाव देता येत नाही. आजोबांनी तिला उचललं आणि रिक्षात घातलं. आत्याआजी अनवाणीच शेजारी बसल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टर वयस्क गुजराती बाई होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. सलाइन लावलं. पारा वर येईना. तुमच्या आईचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते आणि ती हाकेला ओ देत नव्हती.

"कोई दवा चालू है?"

"नाही," मी म्हणाले. आजोबा म्हणाले, नाही. आत्याआजींनी मान हलवली. आम्ही तिघंही खरं बोलत होतो. आमच्या मते ती कुठलंच औषध घेत नव्हती.

"क्या खाया?"

"घरचंच. देवीचा प्रसाद."

डॉक्टर तुमच्या आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिची बाही वर सारली आणि ते जांभळे पट्टे पाहिले. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बेन, ये चेहरा इसका कब से ऐसा गोल है?"

"तब्येत सुधारली आहे तिची," मी म्हणाले.

"किससे सुधरी?"

आत्याआजींचा हात तोंडाकडे गेला. "टॉनिक," त्या म्हणाल्या. "रोटामुळे बंद केलं. मीच बंद केलं."

पुढचं ऐकायला डॉक्टर थांबल्याच नाहीत. नर्सला हाक मारली, इंजेक्शन शिरेतून दिलं आणि आम्हाला बाहेर काढलं. दारावर हिरवा पडदा होता. त्याच्या खालून मला फक्त चपला दिसत होत्या. त्या इकडून तिकडे धावल्या की मला वाटे गेली, आणि थांबल्या की मग तर खात्रीच वाटे. आजोबांनी खिशातून तो फोटो काढला, पाहिला आणि उलटा करून परत ठेवला. आत्याआजी नथ काढून मुठीत धरून बसल्या होत्या. देवीला काय बोलल्या, कोण जाणे.

दिवेलागणीच्या सुमारास पडदा बाजूला झाला. पारा वर आला होता. तुमच्या आईने डोळे उघडले, आत्याकडे पाहिलं आणि पुटपुटली, "रोट संपला का?"

आत्याआजी तिथेच, दवाखान्याच्या फरशीवर बसून रडल्या.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्या भुकटीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात, अशी माणसं त्यांच्याकडे पूर्वीही आली होती. त्यानेच भूक वाढते, चेहरा फुगतो. आपलं शरीर तोच पदार्थ स्वतः थोडा थोडा बनवत असतं. बाहेरून रोज मिळायला लागला की ते बनवणं सोडून देतं. मग बाहेरचा एकदम बंद झाला की शरीराजवळ काहीच उरत नाही. म्हणून आता गोळ्या घ्यायच्या आणि कित्येक महिने हळूहळू कमी करायच्या. त्या महिन्यांत तिला साधी शिंक आली तरी मी तिचे हात चाचपून बघत असे.

ती घरी आल्यावर मी एकटी कडोदऱ्याला गेले. तंबू होता. वैदूने मला बसायला स्टूल दिलं. मी सगळं सांगितलं. तो दचकला नाही. उलट त्याने मलाच विचारलं, "बहनजी, बंद क्यों किया? मैंने तो बोला था, एक दिन भी नहीं छोड़ना."

त्याला माहीत होतं. मी स्टुलावरून उठून बाहेर आले.

बाहेर बायका रांगेत होत्या. त्यांच्यात आईबरोबर आलेली एक मुलगी होती, तोच गोल चेहरा, तीच चकाकी. हे फेकून द्या, असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिने ते घरी जाऊन खरंच फेकलं तर? मी तिच्या आईला म्हणाले, "हे एकदम थांबवू नका. पण डबा घेऊन मोठ्या दवाखान्यात जा, आजच जा." त्या बाईने मुलीला माझ्यापासून बाजूला ओढलं, जणू माझीच नजर लागेल. ती मुलगी गेली की नाही, मला कधीच कळलं नाही. त्या तंबूबद्दल आजोबांनी पोलिसांत सांगितलं. तो तिथून उठला. पुढे कुठे लागला, तेही कळलं नाही.

पुढच्या श्रावणात कानबाई बसली तेव्हा आत्याआजींनी एक पितळी थाळी आणली आणि भाऊबंदांना दारातच अडवून विचारलं, "काय काय घेतोस? गोळी, चूर्ण, टॉनिक, काहीही. काढ इथे." सगळं त्या थाळीत चौरंगापुढे ठेवलं. आता ते देवीपुढचं झालं, परक्या हाताचं राहिलं नाही. रोट चालू असतानाही ज्याचं त्याने ज्याच्या त्याच्या वेळेला घ्यायचं. एका चुलत दिरांनी कुरकुर केली, "देवीपुढं माझी बीपीची गोळी?" आत्याआजी म्हणाल्या, "देवीला बीपी कळतं. तुलाच कळत नही."

थोरले, ते पाकीट आजच तुझ्या डॉक्टरांना दाखव, तोवर आपल्या मनानं एकदम बंद करू नकोस. किती दिवस घेतेस तेही सांग.

आत्याआजी गेल्या, आजोबा गेले. डबा डॉक्टरांनी ठेवून घेतला होता. स्टुडिओतला फोटो माझ्याकडे आहे. तुमच्या आईच्या दंडावरचे पट्टे आता पांढरे झाले आहेत, पण आहेत. आणि ती पितळी थाळी दर श्रावणात चौरंगापुढे ठेवली जाते.