बाबूजींसाठी जाड आवाज

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. आमच्या घरात दात आणि चणे दोन्ही होते, फक्त खाणाऱ्याला चणे नको होते. बाबूजींना चांगलं ऐकू येत होतं तेव्हा ते माझ्या इलेक्ट्रिक गिटारला टिनाचा डबा म्हणायचे. मोहगावहून पांढुर्ण्याला आमच्याकडे आले आणि मी वाजवत असलो, की चप्पल घालून सरळ बाहेर पडायचे. पुढे आई गेली, मोहगावची संत्र्याची बाग धाकट्या भावाने सांभाळायला घेतली आणि बाबूजी कायमचे माझ्याकडे राहायला आले. त्यानंतर त्यांचे कान जात राहिले. आधी दाराची बेल गेली, मग फोन, मग सुनेचं बोलणं. आम्ही इतक्या मोठ्याने बोलायला लागलो की आज कोणती भाजी आहे हे शेजाऱ्यांना आमच्याआधी कळायचं.

मी शाळेत गणित शिकवतो. संध्याकाळी तासभर गिटार घेऊन बसतो, ती मला कुणी वाजवायला सांगितलेली नाही आणि थांबवायलाही कुणी उरलेलं नाही. एका संध्याकाळी बाबूजी समोर येऊन बसले आणि बराच वेळ माझ्या बोटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तू रोज वाजवून राहिला. मले काईच आयकू येत नाई. मले आयकू येईन असं काई वाजव ना."

पन्नाशीला आलेल्या माणसाने अशा वाक्याने हलू नये. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच पाणी प्यायलो.

नागपूरच्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बारीक आवाज गेले, जाड आवाज अजून थोडे पोचतात. पण तेही राहणार नाहीत. आणि पोचलेल्या आवाजातून त्यांना काय समजेल ते सांगता येत नाही. यातलं पहिलं वाक्य मी घरी घेऊन आलो. उरलेली दोन त्यांच्या टेबलावरच सोडून आलो. कानात घालायचं मशीनही आणलं होतं. त्यात नुसती खरखर होते म्हणून बाबूजींनी ते देवघरात ठेवून दिलं.

जाड आवाज म्हणजे बेस हवा होता, बेस गिटारचा तो खालचा, छातीत वाजणारा आवाज. बेस गिटार पांढुर्ण्यात कुणाकडे नव्हती. लग्नात वाजवणारे ऑर्केस्ट्रावाले तेवढं काम कीबोर्डवर भागवतात. नागपुरात मिळाली असती. पण बाबूजींनी माझं वाजवणं मागितलं होतं, आणि मला वाजवता येते ती हीच गिटार. जामसांवलीच्या मारुतीला शनिवारी मोहगावची मंडळी जायची तेव्हा बाबूजी हातात टाळ घेऊन एक भजन सांगायचे आणि बाकीचे मागे म्हणायचे. तेच भजन खालच्या आवाजात रेकॉर्ड करायचं मी ठरवलं.

कॉम्प्युटरमध्ये सूर एक सप्तक खाली उतरवता येतो. पहिल्या दिवशी तसं केलं तर सर्दी झालेली म्हैस पाण्यात बसून गात असल्यासारखं ऐकू आलं. मग एकेक गोष्ट कळत गेली. दोन तारा एकदम छेडल्या की खाली उतरल्यावर चिखल होतो, म्हणून एका वेळी एकच तार. नखीने छेडलं की टकटक येते, म्हणून अंगठ्याच्या मांसाने. गिटारवरचं टोनचं बटन पूर्ण बंद. तारा जिथे संपतात तिथे त्यांच्याखाली काहीतरी मऊ दाबायला हवं होतं, नाहीतर प्रत्येक सूर पुढच्या सुरात सांडत होता. बाबूजींना मामाजी म्हणणाऱ्या माझ्या बायकोने भांडी घासायचा नवा स्पंज कापून दिला आणि म्हणाली, मामाजींसाठी आहे म्हणून देते, तुमच्यासाठी दिला नसता. दाराला गादी लावून मी खोलीत बसायचो. गणिताच्या वह्या तपासायच्या पडून राहिल्या आणि मुख्याध्यापकांनी दोनदा ऐकवलं.

दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी ते जमलं. हेडफोन लावून ऐकलं आणि मला स्वतःलाच पटेना की ही माझी गिटार आहे. एकेक सूर गोल, जड, जागच्या जागी. मी एवढा खूश झालो की बायकोला बोलावून ऐकवलं. तिलाही भजन लगेच ओळखू आलं.

कॉम्प्युटरच्या चिमुकल्या स्पीकरमधून मात्र त्यातलं काहीच बाहेर येईना. गल्लीत एक डीजेवाला राहतो, त्याच्याकडून बेसचा एक मोठा बॉक्स दुपारपुरता मागून आणला आणि बाबूजींच्या दिवाणाशेजारी ठेवला. त्यांना खुणेने सांगितलं, ऐका. त्यांनी धोतर नीट केलं आणि मांडी घालून बसले.

मी सुरू केलं. कपाटाची काच थरथरायला लागली. बाबूजींनी मान वर केली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांना ऐकू येत होतं. गेल्या कित्येक महिन्यांत त्या चेहऱ्यावर एवढं काही आलेलं मी पाहिलं नव्हतं.

"लाइन आली," ते म्हणाले. "मोटर चालू झाली."

बागेतल्या विहिरीवर त्यांची जुनी मोटर होती. वीज येईल तेव्हा ती घरघरत सुरू व्हायची आणि ते हातातला घास ठेवून पाणी फिरवायला धावायचे. त्यांचं सगळं आयुष्य त्या आवाजाकडे कान लावण्यात गेलं. मी हाताने टाळ वाजवून दाखवले, ओठ हलवून भजनाचे शब्द म्हटले. ते माझ्याकडे पाहून हसले आणि मान डोलावली, पण ती मोटरलाच. भजन पहिल्या कडव्यातून दुसऱ्यात गेलं. त्यांना त्यात काही बदललेलं जाणवलं नाही. थोड्या वेळाने ते अस्वस्थ झाले.

"बंद कर आता. विहीर आटून जाईन."

मी बंद केलं. बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. मला बाबूजींचा राग आला, डॉक्टरांचा आला, त्या बॉक्सचाही आला, आणि मग कुणाचाच राग धरण्यात काही अर्थ राहिला नाही.

बाबूजी मांडी घालून तसेच बसून होते. त्यांनी कोपऱ्यातल्या गिटारकडे बोट केलं.

"हं, वाजव आता. मोटर बंद झाली."

मी गिटार मांडीवर घेतली. वायर जोडली नाही, कशाला जोडायची? ते भजन मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं आणि ते पापणी न हलवता माझ्या बोटांकडे पाहत राहिले. बोटं थांबली तेव्हा त्यांना कळलं.

"झालं?"

मी मान हलवली.

"चांगलं वाजवलं," बाबूजी म्हणाले. खोटी स्तुती त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती. ती त्यांनी त्या दुपारी केली, आणि माझी नजर टाळून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.