पडद्यावरचे बाबूजी

"तो 'बाबूजी' शब्द आधी काढा!" प्राचार्य फोनवर ओरडले. पिक्चर सुरू व्हायला दोन तास होते आणि मी त्यांच्याच कॉलेजच्या सभागृहात लॅपटॉप उघडून बसलो होतो.

मी सबटायटल लिहितो. परदेशी सिनेमातलं बोलणं पडद्याच्या तळाशी मराठीत उमटवतो. ओळ दोन-तीन सेकंद टिकते, म्हणून शब्द छोटा आणि ओळखीचा लागतो.

धानपट्ट्यातल्या गोरेगावकडच्या या कॉलेजात पटले मॅडम इतिहास शिकवतात. विसाव्या शतकातली हुकूमशाही आणि युद्धं पोरांना पुस्तकातून पचत नाहीत, म्हणून त्यांनी एक जुना ब्लॅक अँड व्हाइट विनोदी सिनेमा दाखवायचा घाट घातला. त्यातला हुकूमशहा स्वतःची पदकं ओतायला सैनिकांच्या पँटची पितळी बटणं काढून घेतो. मग अख्खं सैन्य एका हाताने पँट धरून लढाईला जातं. प्रजा त्याला बापाच्या मानाने हाक मारते. मी लिहिलं, 'बाबूजी'.

संस्थेच्या अध्यक्षांनाही सगळे बाबूजीच म्हणतात आणि ते पहिल्या रांगेत बसणार आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही, हे दरवर्षी नव्याने ठरतं. ठरवणार बाबूजी.

"'साहेब' करू?" मी विचारलं.

"साहेब मले म्हणतात!"

"'भाऊ'?"

"निवडणुकीले उभे राहणारे सारे भाऊच हायेत जी."

"'मालक'?"

"मंग त त्यायचा फोटोच लावा!"

जिल्ह्यात आदराचा एकही शब्द रिकामा नव्हता. एसटीच्या सीटवर टाकावा तसा प्रत्येकावर कुणाचा तरी रुमाल.

"सरळ 'हुकूमशहा' लिहा ना!"

"सर, त्याला तोंडावर तसं कोण म्हणेल?"

"मंग तुमी अन् मॅडम पाहून घ्या." फोन बंद.

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. "राहू द्या जी बाबूजीच," त्या म्हणाल्या. "मीच भेली त पोराईले काय शिकवू?" मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्यांच्यासाठी भीतीही.

पिक्चर सुरू झाला. पँट धरलेलं सैन्य 'बाबूजींचा विजय असो' म्हणत निघालं. सभागृहात पडद्याकडे कोणी पाहत नव्हतं. सगळे बाबूजींच्या मानेकडे पाहत होते. मान हलली नाही, म्हणून कोणी हसलं नाही. एका पोरीला हसू दाबताना ठसका लागला, तर प्राचार्यांनी तिला पाणी प्यायला बाहेर धाडलं.

शेवटी राजधानी पडते, तरी रेडिओ विजयाच्याच बातम्या देत राहतो. लाइट लागले. बाबूजी माइकपाशी गेले. मॅडमनी माझी खुर्ची घट्ट धरली.

"आदमी कडक होता," बाबूजी म्हणाले. "हारला कायले? सोबतचे लोक नालायक! ज्याले पँट सांभाळता येत नाही, तो लढाई काय जिंकन?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत आधी प्राचार्य उभे राहिले.

आठवड्यात मॅडमची पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची ऑर्डर निघाली. सोबत शिस्त समितीचं प्रमुखपदही आलं, कारण बाबूजींना त्यांनी निवडलेला पिक्चर फार आवडला होता. मी अभिनंदनाला फोन केला.

"नोकरी वाचली जी," त्या म्हणाल्या. "पिक्चर काऊन दाखवला होता, तेवढं विचारू नका."

तेव्हापासून मी शब्द बदलत बसत नाही. पिक्चर ज्याच्यावर असतो, त्याला तो कायम शेजाऱ्यावरचा वाटतो. परवा त्या कॉलेजात गेलो तेव्हा बोर्डावर शिस्त समितीची सूचना होती: बाबूजी आले की सर्वांनी उभं राहावं, बसा म्हणेपर्यंत बसू नये. खाली सही, पटले मॅडमची.