व्हर्नाची लाल चिंधी

आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर व्हर्ना क्रोवेलला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नसेल. तीस वर्षं शाळेची बस हाकली, आता वाळूतला धातू शोधायचं यंत्र, डिटेक्टर, घेऊन वाळू हुंगत फिरते. नवशिके बिअरच्या डब्यांच्या कड्यांना वैतागतात अन् यंत्राला तो आवाज गाळायला लावतात. ही नाही लावत. यंत्रात सोनं अन् कडी एकाच सुरात बोलतात, म्हणते. म्हणून रोज पन्नास कड्या उकरते अन् खड्डे बुजवत जाते.

ऑगस्टात टेस नावाची पोर रडत तिच्याकडं आली. बटाट्याच्या सॅलडावरनं नवऱ्याशी, डगनशी, वाजलं होतं. रागाच्या भरात तिनं बोटातली अंगठी भिरकावली. अंगठी त्याच्या आजीची, सासूनं हौसेनं दिलेली. अन् भरतीचं पाणी तासाभरात तिथवर येणार.

व्हर्नानं खिशातनं अंगठीच्याच वजनाचा वायसर, भोकाची लोखंडी चकती, काढला, लाल चिंधी बांधलेला. होतीस तिथंच उभी राहा अन् तशीच फेक, म्हणाली. हा पडेल तिथंच अंगठी. पोरीनं फेकला. दहा पावलांवर पडला. तिथं नऊ कड्या निघाल्या. पुन्हा फेकला, पुन्हा तिथंच. पडणारच; हातात मघाचा जोर कुठला, एव्हाना राग उतरून तिचं नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झालं होतं.

व्हर्ना डगनकडं वळली. "तू काय बोल्लास तवा?"

"जाऊ द्या ना, मावशी."

"पानी थांबतंय का तुझ्यासाठी? बोल, लेका."

डगन वाळूकडं बघत पुटपुटला, की आईच्या सॅलडाला चव असते. टेसनं फेकलेला वायसर पंधरा पावलं गेला. आम्ही बघे खिदळायला लागलो. जीव लावून बोल, व्हर्ना म्हणाली. तेव्हा गड्याच्या अंगात काय आलं कोण जाणे.

"अन् हिच्या सॅलडात मीठ इतकं, की त्यापेक्षा समुद्र प्यायलेला बरा."

चिंधी आमच्या टोप्यांवरनं सणसणत गेली ती थेट ओल्या वाळूत. लाट तिला चाटतेय तोवर व्हर्ना गुडघ्यांवर बसलेली. पहिल्या खोऱ्यात कडी. दुसऱ्यात कडी. तिसऱ्यात अंगठी.

पोर नाचली, डगन नाचला, आम्ही अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडलो. व्हर्ना पैसे घेत नाही. डब्यात उरलेलं सॅलड तेवढं तिनं मागून घेतलं अन् दोन घास खाल्ले.

"मीठ जास्तच हाय," ती म्हणाली. पण बोलायच्या आधी तिनं पोरीचा अंगठीचा हात घट्ट धरून ठेवला होता.