बाद झालेल्याचं काम

दादा आणि मी रविवारी खेळ तयार करायचो. तो बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जायचा, मी पालघरच्या शाळेत शिकवायचे. केळव्याच्या घरी दोघांची सुट्टी एकत्र आली की जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पट आखायचा. सोंगट्या म्हणून सुपाऱ्या, फासे म्हणून फोडलेले चिंचोके. एका रविवारी एकानेच, आणि एकच नियम बदलायचा. तीन डाव खेळल्याशिवाय त्याला चांगलं-वाईट म्हणायचं नाही, ही दादाची अट. एकदा मी सापशिडीच्या शिड्या उलट्या फिरवल्या. जेवणं खोळंबली, तरी तीनही डाव पुरे करावे लागले.

शेवटचा खेळ आमच्या पानवेलीच्या वाडीवरचा. विड्याच्या पानांची टोपली सुकायच्या आत स्टेशनावर पोचवायची. वाटेत पंक्चर झालेली सायकल, भरतीचं पाणी, बंद फाटक. उशीर झाला की टोपली वाया आणि खेळणारा बाद. वहिनी तिसरी म्हणून बसायची आणि बहुधा तीच आधी बाद व्हायची. एकदा ती म्हणाली, "बाद झाल्यावर मी काय करायचं? तुमची तोंडं बगत बसायचं?"

दादाने हसत आमच्या नियमांच्या वहीत लिहिलं, 'बाद झालेल्याला काम हवं.' पुढचा रविवार माझा होता, म्हणून ते काम मी शोधायचं ठरलं.

मग परीक्षेचे पेपर आले, आणि पेपर संपायच्या आत दादा अंथरुणाला खिळला. दर रविवारी तो विचारायचा, "सुचलं?" मी नाही म्हणायचे. पाळी माझी होती, म्हणून तो स्वतः नियम घालत नव्हता. पट कपाटावर पडून राहिला. असे सहा-सात रविवार गेले.

खरं तर मला पहिल्याच आठवड्यात एक नियम सुचला होता. तो फार साधा वाटला, म्हणून मी सांगितला नाही. एकही डाव न खेळता मी त्याला वाईट ठरवलं होतं. हे माझ्या लक्षात आलं ते दादाच्या तेराव्यानंतर, वहिनीने पट हातात घेऊन विचारलं तेव्हा.

"वन्सं, हा ठेवायचा का बंबात घालायचा?"

मला रडू आलं नाही. त्या दिवसांत काहीच येत नव्हतं. मी वही मागितली आणि दादाच्या ओळीखाली लिहिलं, 'बाद झालेल्याने उरलेल्यांचे चिंचोके टाकायचे.' वहिनीने वाचलं आणि पट जमिनीवर मांडला.

पहिल्या डावात ती बाद झाली आणि माझ्यासाठी चिंचोके टाकत राहिली. माझी टोपली स्टेशनावर पोचली. दुसऱ्या डावात मी बाद झाले. तिच्यासाठी टाकताना मी पटाकडे नीट बघत होते, तिला किती घरं हवीत ते मोजत होते. नियम चालत होता. दादा असताना तो तीन डावांत कळला असता.

तिसऱ्या डावात फाटकापाशी मी बाद झाले आणि लगेच तीही. वहिनीच्या मुठीत चिंचोके तसेच राहिले.

"आता कोनासाटी टाकू?"

त्याला नियम नव्हता. मी वहीत लिहिलं, 'पुढचा रविवार वहिनीचा.'