मीटरच्या बटणांना कुलूप

खाडीत केमिकलचं पाणी आलं आणि मासळी गेली. बाबांनी होडी विकली. आई दुसऱ्यांकडून घेतलेली मासळी कोपरच्या बाजारात टोपलीत घेऊन बसायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, फर्स्ट क्लासमध्ये, आणि हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागले. घरात येणारा ठरलेला पगार तेवढाच. पण नोकरी टेम्पररी.

आम्ही पॉवर सप्लाय बनवायचो, म्हणजे घरगुती विजेतून मशीनला लागणारे नेमके पाच व्होल्ट काढून देणारे डबे. प्रत्येक डबा मल्टीमीटरने तपासायचा. नव्वदच्या सुमारास साहेबांनी नवा मीटर आणला. त्याची जाड केबल पीसीला जायची. पीसीवरचा बेसिक भाषेतला प्रोग्राम मीटरला 'वाच' म्हणायचा, मीटर आकडा पाठवायचा आणि डबा पास की फेल ते प्रोग्राम ठरवायचा. तो प्रोग्राम मी लिहिलेला.

आणि गिऱ्हाईक कंपनीचे इन्स्पेक्टर पाटणकर समोर उभे असताना तो चांगले डबे फेल करत होता.

सगळे नाहीत, मधूनच एखादा. प्रोग्राम नव्याने सुरू करून तोच डबा लावला की पास.

"मॅडम, तुमचा कॉम्प्युटर मटका लावतो काय?" पाटणकर म्हणाले.

आमचे केळकर साहेब हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "रेखा, लंचपर्यंत बघतो. नाहीतर लॉट परत, हा सेट खोक्यात, आणि तू कायम व्हायचं विसर."

"साहेब, प्रोग्राम बरोबर आहे."

"मग डबे खोटं बोलतायत का?"

केबल बदलली. वाचण्याआधी थांबायची वेळ वाढवली. तेच. शेवटी मीटरचे आकडे जसेच्या तसे स्क्रीनवर आणले. आधी ५.०१२, ५.००८ असे बारीक येत होते. मग एकाएकी नुसते ५.०, ५.०, ५.१. फेल!

म्हणजे मीटर मोठ्या रेंजवर गेला होता. हजार व्होल्ट मोजायच्या रेंजला दशांशातलं बारीक काही दिसत नाही, आणि शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे झाला की चांगला डबाही फेल. रेंज तर मी प्रोग्रामच्या सुरुवातीलाच लहान लावून ठेवली होती. मग बदलत कोण होतं?

मी स्क्रीन सोडून मीटरकडे बघत बसले. ट्रे संपला. डबे लावणाऱ्या शैलाताई दुसरा आणायला उठल्या. पाटणकर केळकरांशी बोलत होते. बोलता बोलता त्यांचा हात मीटरकडे गेला. 'लोकल' बटण दाबलं, म्हणजे पुढच्या 'वाच'पर्यंत मीटर कॉम्प्युटरच्या ताब्यातून सुटला. मग रेंज वर, वर, वर. नजर केळकरांवरच.

"सर, काय केलंत?"

"कुठे काय?"

"रेंज वर नेलीत."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "अरेच्चा! काम थांबलं की मीटर मोठ्या रेंजवर. काट्याच्या मीटरपासूनची सवय. लहान रेंजवर जास्त व्होल्ट आले आणि काटा वाकला की फोरमन टपली मारायचा."

"मीपण तेच करते," ट्रे घेऊन आलेल्या शैलाताई म्हणाल्या. "का गं, नाही करायचं?"

केळकरही करत असणार. कॉलेजच्या लॅबमध्ये मलाही हेच शिकवलं होतं.

तीन माणसांची सवय लंचपर्यंत सुटणार नव्हती. मीटरचीच बटणं बंद करायला हवी होती. तसा आदेश मीटरला कळत होता, पण मीटरची केबल जोडायला पीसीत बसवलेल्या कार्डाबरोबर आलेल्या बेसिकमध्ये त्यासाठी शब्दच नव्हता.

"म्हणजे होणार नाही?" केळकर.

"शब्द नाही साहेब, आदेश आहे."

प्रत्येक आदेशामागे एक आकडा असतो. याचा सतरा. नुसता आकडा केबलवर पाठवायची सोय बेसिकमध्ये होती. एक ओळ लिहिली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

"सर, दाबा आता."

पाटणकरांनी दाबलं. काही नाही. अंगठ्याने जोरात दाबलं. काही नाही.

"सासुरवाडीतसुद्धा माझा इतका अपमान झाला नाही," ते म्हणाले. पण हसले नाहीत. मनाला येतील ते डबे उचलून आपल्या मीटरवर हाताने तपासले आणि प्रोग्रामच्या आकड्यांशी ताडून पाहिले. मी उभीच होते.

आकडे जुळले. त्यांनी सही केली.

त्यानंतर कुठलाही टेस्ट प्रोग्राम लिहिण्याआधी मी तिथल्या माणसांचे हात बघून घेत आले. चांगल्या सवयींचे हात जास्त वेळ बघायचे, कारण त्यांच्यावर कुणाला संशय येत नाही.

त्याच वर्षी मी कायम झाले. पुढे टेस्टिंग डिपार्टमेंट माझ्याकडे आलं, आणि आईचं टोपली घेऊन बसणं मी बंद केलं.